बेचाळीस झाडांचा पाऊस

हंबीरराव साहेबांच्या टेबलावर चंदनानं तीन पुरचुंड्या सोडल्या, तेव्हा साहेबांचा चहा निवत होता आणि जिनपाल, म्हणजे तिचा नवरा, आपण या बाईबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून भिंतीशी उभा होता. एका पुरचुंडीत काळी माती, दोहोंत तांबडी.

"काळी वळखायची न्हाय, ती कुणीबी वळखंल," चंदना म्हणाली. "ह्या दोन तांबड्यांतली एक माझ्या माहेरची, चिकमगळूरच्या वरल्या डोंगरातली. तिथं घरोघर कॉफी हाय. दुसरी नेसरीची, आमच्या टेकावरची. कुठली कुठली, तेवढं सांगा."

साल पंचावन्न, मार्चचा पहिला आठवडा, कोल्हापुरातली शेतकीची एक कचेरी. मी सोबत गेलो होतो तो एवढ्यासाठी की मी नेसरीच्या शाळेत मास्तर, शाळेच्या अंगणात पाऊस मोजायचं माप आहे आणि त्याची सात वर्षांची वही माझ्याकडे होती. साहेब लोकांचा माणसापेक्षा वहीवर विश्वास जास्त, असं चंदनाचं मत. ते खोटं म्हणायची माझी प्राज्ञा नाही, मीही थोडाफार त्यातलाच.

साहेब सज्जन होते. हसले नाहीत. बशीतल्या चहात बोट बुडवून त्यांनी दोन्ही माती तळहातावर मळल्या, हुंगल्या, उजेडात धरल्या.

"दोन्ही जांभ्याच्या. लोह भरपूर, पाणी थांबत नाही. ही डावीकडची माहेरची."

"ती टेकावरची."

जिनपालला खोकला आला.

"असू दे," साहेब म्हणाले. "माती जमली म्हणून पीक जमतं असं नाही, ताई." ते उठले आणि हातात रूळ घेऊन भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. खाली कुर्ग, म्हैसूर, नीलगिरी, तिथं तपकिरी रंगाचा डाग होता. डागाची वरची कड कोल्हापूरच्या बरीच खाली संपत होती. "हा कॉफीचा पट्टा. तीन हजार फूट उंची. तुमची नेसरी किती?"

"टेक चोवीसशे असेल," मी म्हणालो.

"सहाशे कमी. म्हणजे उन्हाळा जास्त."

चंदनानं माझ्याकडे बघितलं. मी वहीचं मागचं पान काढलं. शाळेचा थर्मामीटर आम्ही टेकावर नेला होता, त्याचा आकडा वाचला. "दुपारी दोनला खालच्या बांधावर सत्त्याण्णव, टेकावर जांभळीखाली अठ्ठ्याऐंशी."

"हजार फूट चढलं की किती अंश उतरतंय, साहेब?" चंदनानं विचारलं.

"साडेतीन, साधारण."

"मग जांभळीखाली बसल्या बसल्या मी अडीच हजार फूट चढले की."

आता मात्र साहेब हसले. "सावलीनं थोडी उंची मिळते, मान्य. पण सावलीनं पाऊस मिळत नाही. तुमच्या माहेरी पाऊस ऐंशी इंच, इथं?"

"सत्तेचाळीस," मी वही बघून सांगितलं.

"आणि नुसता किती नव्हे, कधी पडतो ते महत्त्वाचं. तिकडं दिवाळीनंतरही सरी असतात आणि चैत्रात पुन्हा हजर. तो चैत्राचा पाऊस म्हणजे कॉफीचा जीव. कळ्या मिटून थांबलेल्या असतात. अंगावर इंचभर पाऊस पडला की आठ-नऊ दिवसांत फुलतात. नाही पडला तर वाळतात. मास्तर, महावीर जयंतीच्या आत इंचभर पाऊस सात वर्षांत किती वेळा?"

वही माझीच, त्यामुळे खोटं बोलता येईना. "दोनदा."

"बघा. मी कागद देतो, पण जो खरा आहे तोच देणार."

आणि त्यांनी तो दिला. 'कोल्हापूर जिल्हा कॉफीच्या पट्ट्यात येत नाही,' खाली सही, शिक्का. चंदनानं घडी घालून कमरेला खोचला आणि विचारलं, "बेचाळीस झाडं चार वर्षं टेकावर उभी हायत. त्यांना हे सांगायला तुम्ही येनार का मीच सांगू?"

हा कागद तिला कशाला हवा होता, ते सांगतो. टेकावर जांभूळ, फणस, उंबर, किंजळ अशी चाळीसेक जुनी झाडं. ती तोडून कोळशाला द्यायची, आलेल्या पैशात नदीवर तेलाचं इंजिन बसवायचं आणि खालच्या काळीत ऊस करायचा, हे चंदनाच्या थोरल्या दिरांनी, तात्यासोंनी ठरवलं होतं. गडहिंग्लजपासून नेसरीपर्यंत त्या काळात दुसरं बोलणं नव्हतं. भेटेल तो ऊस बोलायचा. चंदनाची कॉफी त्याच झाडांच्या सावलीत होती. सावली गेली की कॉफी गेली, एका उन्हाळ्याचं काम. तिनं घरात तोंड उघडलं, तेव्हा तात्यासो म्हणाले होते, "कोल्हापूरच्या सायबाचा कागद आण, की हितं कॉफी हुतीया. मग टेकाला कुऱ्हाड लावू देत न्हाय."

तात्यासो वाईट माणूस नव्हे. ओरडून बोलायचे, पण निरोप सांगतानाही तसेच बोलायचे. चंदना लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या भावानं बैलगाडीत, आगगाडीत आणि एसटीत बांबूच्या टोपल्या सांभाळत शंभरावर रोपं आणली होती. तात्यासोंना त्याचं फार कौतुक. पाहुण्यांचं रोप, त्याला घरातली सगळ्यात चांगली जागा पाहिजे, म्हणून नदीकाठच्या काळ्याभोर मळईत त्यांनी साठ रोपं लावली. वर बांधावरचा आंबा तोडला, रोपाला वसवा, म्हणजे झाडाची सावली, नको म्हणून. आपल्याकडे पिकावर झाडाची सावली पडली की शेतकऱ्याच्या पोटात दुखतं. नव्या नवरीनं दिरापुढे बोलायची रीत नव्हती. ती सासूकडे, आक्कांकडे म्हणाली, "हिला सावली लागती, हिच्या पायाशी पाणी थांबून चालत न्हाय." आक्का म्हणाल्या, "असं कुठं पीक असतंय?" काळीत पावसाचं पाणी तुंबलं आणि गौरी-गणपतीपर्यंत साठही रोपं पिवळी पडून मेली. एवढ्या मानानं मेलेली रोपं मी दुसरी बघितलेली नाहीत.

तात्यासोंनी एका वाक्यात निकाल दिला : "आपल्या मातीला मानवत न्हाय."

उरलेली रोपं चंदनानं परसात जगवली आणि पुढच्या मृगात कुणाला न विचारता टेकावर नेऊन लावली. टेक म्हणजे घराची नावडती जमीन. तांबडी, दगडाची, नांगर न शिवणारी. तिथं कुणी काय केलं तरी विचारणारं नव्हतं. अठ्ठेचाळीस लावली, बेचाळीस जगली.

कोल्हापूरहून परत आलो त्या संध्याकाळी तिनं कागद तात्यासोंपुढं ठेवला.

"घ्या, भावजी. न्हाय म्हनलंय."

तात्यासोंनी तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. ती कागद लपवील, अशी त्यांची तयारी होती. तिनं सरळ आपला पराभव हातात दिला, त्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना.

"मग? झालं की."

"कुठं झालं? सायबानं झाड बगितलं न्हाय. कळ्या लागल्यात. महावीर जयंतीपर्यंत फूल आलं तर टेक ऱ्हाईल, न्हाय आलं तर तुम्ही कुऱ्हाड लावा. मी टेकावर पाऊल ठेवनार न्हाय परत."

"फूल आलं न्हाय तर रडायचं न्हाय."

"आलं तर तुम्हीबी रडायचं न्हाय."

आक्का आतून म्हणाल्या, "अगं, दीर हाय तो!" पण शब्द झाला. घर जैनांचं, सणाच्या आधी झाड तोडत नाहीत, त्यामुळे तात्यासोंचं तसंही काही अडणार नव्हतं. त्यांनी कोल्हापूरच्या गणपतराव वखारवाल्याला जयंतीच्या दुसऱ्या दिवशीचं बोलावणं धाडलं, आणि टेकावर आता अडचण नाही हे कळावं म्हणून साहेबांचा कागदही सोबत पाठवून दिला.

मग सगळं गाव आभाळाकडे बघू लागलं. बघण्यातही दोन तट. पाटलाच्या कट्ट्यावर ढग दिसला की कुणीतरी ओरडायचं, "चंदनाबाय, पावणं आलं गं!" आणि ढग बेळगावच्या वाटेला लागायचा. माझ्या मापात रोज सकाळी आठला शून्य. शून्य लिहायलाही शाई लागते, हे त्या महिन्यात कळलं. कळ्या हिरव्या सुईसारख्या फांदीला चिकटून उभ्या होत्या. ना वाढत, ना गळत.

पाडव्याच्या दिवशी चंदना शाळेत आली. "मास्तर, इंचभर पाऊस म्हंजे एका झाडाला किती घागरी?"

मी हिशेब केला. झाडाचा घेर पाच फूट बाय पाच फूट. "चार."

"बेचाळीस चोक?"

"एकशे अडुसष्ट. चंदनाबाई, तुमच्या मनात काय आहे?"

"सायबानंच सांगितलं की. अंगावर इंचभर पडाय पाहिजे म्हनले. आभाळातनंच पडाय पाहिजे असं न्हाय म्हनले."

दुसऱ्या दिवशी पहाटे जिनपालनं गाडी जुंपली. या माणसानं चार वर्षांत बायकोच्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता, थोरल्या भावाच्या बैलांना न विचारता हात लावणं हाच त्याचा शब्द. गडी पिराजी सोबत. गाडीत दोन पिपं, दोन्ही मिळून सव्वीस घागरी. नदीवर पाणी भरायचं, टेकाच्या पायथ्याला आणायचं आणि तिथून डोक्यावर वर न्यायचं. चंदना, तिची जाऊ सुरेखा, शेजारच्या दोघी. सुरेखा तात्यासोंची बायको. तिला विचारलं, तुम्ही कशा? ती म्हणाली, "ऊस आला की गुऱ्हाळाला ऱ्हांदून घालायचं मलाच हाय. कॉफी आली तर निदान नवं काय तरी हुईल."

पहिली घागर वर पोचली आणि आक्का आडव्या आल्या. त्या काठी टेकत टेक चढून आल्या होत्या.

"हे पानी गाळल्याबिगर वतायचं न्हाय."

"आक्का, प्यायचं न्हाय, झाडाला घालायचं हाय!"

"नदीतनं जीव आनल्यात. तापल्या दगडावर वतून मारनार व्हय? महावीर जयंती दहा दिवसांवर, आन् माझ्या घरातल्या बायका हे करनार?"

मी माझ्या मनात एक आकडा टाकला : एका घागरीला गाळायला तीन मिनिटं, म्हणजे काम पुरा एक दिवस वाढलं, म्हणजे फूल जयंतीनंतर. चंदनानंही तोच टाकला असावा. तिचा चेहरा उतरला. सासूपुढे धर्माचं काय बोलणार? गाळायचं तर गाळायचं. तिनं दोन पदरी लुगड्याचा धडपा काढला, पण गाळून ठेवायला वर दुसरं भांडंच नव्हतं. मग तिनं आणि सुरेखानं धडपा चार टोकांनी धरला, तो थेट झाडावरच. पिराजीनं वरून घागर ओतली.

पाणी फडक्यात फुगलं, क्षणभर थांबलं आणि खालून बारीक, सलग, एकसारखं झाडाच्या अंगावर पडू लागलं. पानं वाजू लागली.

घागरीनं नुसतं ओतलं असतं तर अर्धं पाणी उतारावरून खाली गेलं असतं आणि कळ्याही झडल्या असत्या. चंदना म्हणाली, "आक्का, तुम्ही बसा हितंच. एकबी थेंब गाळल्याबिगर जाऊ देत न्हाय."

"बसतेच की. तुमचा भरोसा न्हाय," आक्का म्हणाल्या आणि फणसाला टेकून पहारा करू लागल्या.

सात खेपा दोन दिवसांत झाल्या. फडकं दर घागरीला उलटं धुवायचं, ते पाणी आक्कांनी घरून मागवलेल्या मडक्यात साठवायचं आणि गाडी नदीवर गेली की आतले जीव परत नदीत सोडायचे. सातव्या खेपेनंतर पाण्याची गरज संपली, पण मडकं शिल्लक होतं. आक्कांनी तेवढ्यासाठी आठवी खेप करायला लावली. रिकामी गाडी, दोन बैल, पिराजी आणि मांडीवर एक मडकं. कट्ट्यावरच्यांनी विचारलं, "काय नेतोस रं?" पिराजी म्हणाला, "सासरी आल्याली मंडळी म्हायारी सोडाय चाललोय."

तात्यासोंना बैलांचं कळलं. ते जिनपालला काय म्हणाले ते तीन गल्ल्यांनी ऐकलं, लिहिण्यासारखं नाही. पण टेकावर गेले नाहीत. शब्द फुलाचा होता, पाऊस कुणी पाडायचा ते ठरलं नव्हतं, आणि बोललेल्या शब्दातली फट दुसऱ्यानं शोधली की तात्यासो मुकाट होत, कारण हा त्यांचाही धंदा.

नवव्या दिवशी सकाळी आठला मी मापाकडे गेलो. शून्य. वही मिटतोय तोवर वारा फिरला आणि मोगऱ्यासारखा वास आला. नेसरीत एवढा मोगरा कुणाकडे नाही. टेकावर गेलो तर फांद्या दिसत नव्हत्या, सगळं पांढरं. मधमाश्यांचा आवाज पायथ्यापर्यंत. चंदना मधे उभी होती. मी म्हटलं, "चंदनाबाई, आलं की." ती म्हणाली, "मोजा. एकूनएक मोजा. मागनं कोन म्हनंल तीसच फुलली." मी मोजली. बेचाळीस.

जयंतीची मिरवणूक झाली. दुसऱ्या दिवशी गणपतराव वखारवाला चार कुऱ्हाडवाले घेऊन एसटीनं उतरला आणि तात्यासो त्याला घेऊन टेकावर आले. तात्यासोंनी फुलं पहिल्यांदाच बघितली. पांढऱ्याचं करपट व्हायला लागलं होतं, तरी दिसत होतं. त्यांनी एक फांदी वाकवून बघितली, सोडली. मग म्हणाले, "फूल म्हंजे काय फळ न्हवं."

"शब्द फुलाचा व्हता, भावजी."

"व्हता. पर ह्ये फुलाचं करायचं काय? केसात माळायचं? गणपतराव कोल्हापूरवरनं आल्यात—"

एवढ्यात खालच्या बाजूला कड् कड् झालं. वरच्या बोलण्याची वाट न बघता एका कुऱ्हाडवाल्यानं कडेचा बारकासा किंजळ मघाच धरला होता. झाड आडवं पडलं, त्याखाली तीन कॉफी. बेचाळीसची एकोणचाळीस झाली.

चंदना ओरडली नाही, रडली तर नाहीच. ती उतरली, पुढच्या जांभळीपाशी गेली आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली. कुऱ्हाडवाला थांबला. परक्या बाईला बाजूला हो म्हणावं की नाही, हे त्याला सांगून कुणी पाठवलं नव्हतं.

"बाजूला व्हा की वहिनी," गणपतराव गमतीत म्हणाला. "तुमच्या कॉफीचं आमाला ठावं हाय. ह्ये बगा, सायबाचा कागद." त्यानं खिशातून तो काढला. "कोल्हापूर जिल्ह्यात कॉफी येत न्हाय. शिक्का हाय शिक्का. न्हाय आल्याल्या पिकासाठी कशाला उन्हात उभं ऱ्हाताय?"

हे तो चंदनाला म्हणाला, पण लागलं ते तात्यासोंना. मी त्यांच्याकडेच बघत होतो. मान आधी लाल झाली, मग कान. माणूस स्वतः हजार वेळा जे म्हणतो, तेच परक्यानं त्याच्या जमिनीवर उभं राहून म्हटलं की त्याला पहिल्यांदा ऐकू येतं.

"काय म्हनला? येत न्हाय?"

"मी न्हवं, साहेब म्हनतोय."

"डोळं हायत न्हवं? ह्ये काय कापूस लागलाय व्हय झाडाला?"

"तात्यासो, तुमीच तर कागद धाडला—"

"मी धाडला! माझ्या घरची गोष्ट, मी म्हनीन. तुमी कोन? टेक माझं, भावजय माझी, आन् माझ्या टेकावर काय येतं न्हाय ते शाहूपुरीतल्या वखारीत ठरनार? चला, पावणं. पडल्याला किंजळ घेऊन जावा. दुसऱ्या झाडाला हात लावला तर कुऱ्हाड हितंच ऱ्हाईल."

गणपतराव बराच बडबडला, भाड्याचं, खोळंब्याचं. तात्यासो त्याच्याहून मोठ्यानं बडबडले. शेवटी किंजळाचे ओंडके करून मंडळी गेली.

चंदना खोडापासून हलली. पडलेल्या फांद्यांखालून ती तीन झाडं मोकळी करून बघू लागली. एकाची मुळं शाबूत होती. तिनं तुटक्या फांद्या मोडून टाकल्या आणि बुंध्याशी पाला ओढला.

तात्यासो घाम पुसत तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. इंजिन गेलं होतं, ऊस वर्षभर लांबला होता आणि हे सगळं आपण स्वतःच केलं हे आता हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं.

"आता फळ धरंल न्हवं?"

"इतक्यात न्हाय. फुलावर तीन आठवड्यांच्या आत अजून एक पाऊस लागतो."

"आन् न्हाय पडला?"

"चाळीस चोक, एकशे साठ घागरी."

"माझी बैलं मिळायची न्हाईत. सांगून ठेवतो. त्या दोन दिवसांत मान सुजलीया त्यांची."

"नकोत. डोक्यावर आनीन नदीवरनं."

"डोक्यावर?"

"व्हय. कट्ट्यावरनंच रस्ता हाय की. एकशे साठ वेळा जाईन, एकशे साठ वेळा येईन. कोन विचारलं तर सांगीन, आमच्या भावजींची बैलं दमल्यात."

तात्यासोंनी माझ्याकडे बघितलं, जसं काही हे मी शिकवलं होतं. मग ते टेक उतरू लागले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांचा आवाज आला, गावाच्या पलीकडच्या शिवेपर्यंत जाईल असा :

"पिराज्या! ती पिपं वाळून फाटतील की रं उन्हात! सावलीला घे! आन् तिसरं एक बघ कुठं मिळतंय का!"